वारसा कोणी कोणास दाखवावा?

पावसाळा सरून समुद्र निवळला की पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, मोरजी या गावांत हिब्रू भाषा कानी पडू लागते. खानावळींच्या पाट्यांवर रोमी अक्षरांच्या शेजारी हिब्रू अक्षरे दिसतात. ही भाषा बोलणारी मुले इस्राएलातून आलेली असतात. त्या देशात बहुतेक यहुदी मुलामुलींस अठराव्या वर्षी सैन्यात जावे लागते. ती सेवा संपली, अंगावरचा गणवेश उतरला, की काही महिने दूर देशी भटकून यावे असा रिवाज तेथे रुजला आहे, आणि आपला देश हे त्या भटकंतीचे एक आवडते ठिकाण आहे. या मुलांना येथे कोणी पाठविलेले नसते. काय पाहावे, कोठे थांबावे आणि काय पाहून काय वाटावे, हे त्यांना कोणी नेमून दिलेले नसते.

परंतु यांतील अनेक मुले सैन्यात जाण्यापूर्वी, सोळा-सतरा वर्षांची असताना, याहून फार वेगळा असा एक प्रवास करून आलेली असतात. शाळेच्या तुकडीबरोबर, शिक्षक व मार्गदर्शक यांच्या देखरेखीखाली, ती पोलंडमध्ये जातात. नाझींच्या मृत्युछावण्या, ओस पडलेली प्रार्थनामंदिरे, गवतात बुडालेली दफनभूमी यांचे दर्शन घेऊन परत येतात. अशा सामुदायिक वारसायात्रा आज जगभरच्या यहुदी किशोरांच्या शिक्षणाचा एक भाग झाल्या आहेत. ज्या प्रवासाचा आराखडा मोठ्यांनी आखलेला आहे आणि ज्यातून मुलांनी काही विशिष्ट घेऊन परतावे अशी अपेक्षा आहे, त्या या दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे. गोव्यातील वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. पण यहुदी इतिहासाची दोन प्रकरणे आपल्याच किनाऱ्यावर घडली आहेत, आणि त्यांपैकी एक तर चक्क मराठीत घडले आहे. तेव्हा या यात्रांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार, आणि त्याहूनही अधिक जबाबदारी, आपणांकडे येते.

प्रथम या यात्रांचे स्वरूप पाहू. 1988 साली दोन गोष्टी घडल्या. इस्राएलच्या शिक्षण खात्याने शालेय मुलांच्या पोलंड-यात्रांना पद्धतशीर रूप दिले आणि त्याच वर्षी ‘मार्च ऑफ द लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू झाला. या उपक्रमात निरनिराळ्या देशांतील किशोर हत्याकांडाच्या स्मृतिदिनी आउश्वित्झ ते बिर्केनाउ असे पायी चालतात आणि त्यानंतर इस्राएलात जाऊन तेथील स्वातंत्र्यदिन साजरा करतात. पुढे 1999 साली ‘बर्थराइट इस्राएल’ ही योजना निघाली. अठरा वर्षांवरील यहुदी तरुणांना सुमारे दहा दिवसांची इस्राएलची यात्रा ती विनामूल्य घडविते. परदेशी वाढलेल्या, धर्माशी व समाजाशी सैल पडलेल्या पिढीला पुन्हा जोडून घ्यावे हा तिचा उद्देश लपविलेला नाही.

या उपक्रमांना केवळ प्रचार म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. साठ लक्ष माणसांची कत्तल ज्या समाजाने सोसली, त्याने आपल्या मुलांना ती जागा दाखवू नये असे कोण म्हणेल? पुस्तकात वाचलेला आकडा आणि छावणीत काचेआड रचलेला पादत्राणांचा ढीग यांत फार अंतर आहे. ते अंतर पायांनीच तोडावे लागते. शिवाय सोळा वर्षांचे वय असे असते की, त्या वयात समवयस्कांबरोबर पाहिलेली गोष्ट जन्मभर पुसली जात नाही. यात्रेच्या योजकांनी हे वय विचारपूर्वक निवडले आहे, आणि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

आमचा आक्षेप आहे तो या यात्रांच्या कथानकाला. कथानक म्हणण्याचे कारण असे की, उत्तम नाटकाप्रमाणे यांतही प्रवेशांचा क्रम आधी ठरलेला असतो. आधी अंधार, मग प्रकाश. आधी पोलंड, मग इस्राएल. आधी मरण, मग पुनरुत्थान. मुलाने कोठे रडावे आणि कोठे गावे हे वेळापत्रकातच सूचित असते. नाटकात हे शोभते, कारण प्रेक्षकाला पडदा पडल्यावर घरी जावयाचे असते. इतिहासात मात्र पडद्याबाहेर राहिलेली माणसेही असतात, आणि ती कधीतरी बोलू लागतात. पोलंडच्या सरकारने यात्रेच्या आशयात आपलाही वाटा मागितला. सशस्त्र रक्षकांविषयीही वाद झाला, आणि 2022 साली इस्राएली शाळांच्या यात्रा थांबल्या. पुढल्या वर्षी उभय देशांत समझोता होऊन त्या पुन्हा सुरू करण्याचे ठरले. 2018 साली बर्थराइटच्या यात्रेतून काही अमेरिकन यहुदी तरुण अर्ध्यावरच बाहेर पडले. पॅलेस्टिनी लोकांचे जिणे आम्हांला दाखवीत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. या वादांत कोणाची बाजू किती खरी हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पण दोन्ही प्रसंगांचा इशारा एकच आहे. ज्या भूमीवरून यात्रा जाते त्या भूमीवरील माणसांना केवळ देखावा समजले, की वारसा अपुरा राहतो.

हे ध्यानात ठेवून आता आपल्या कोकणात येऊ. अलिबागजवळ नवगाव येथे समुद्रकाठी बेने इस्राएलांची जुनी दफनभूमी आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार प्राचीन काळी एक जहाज येथे फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. ग्रंथ समुद्रात गेले होते. आठवण राहिली ती शब्बाथची, खाण्याच्या निर्बंधांची, सुंतेची आणि ‘शेमा’ या प्रार्थनेची. त्यांनी तेलाचा घाणा धरला आणि शनिवारी तो बंद ठेवला, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर ही नावे ऐकून कोणाही कोकणवासीयास आपल्याच वाडीतील कोणी बोलावीत आहे असे वाटावे.

मुंबईहून निघालेले यहुदी तरुणांचे व प्रवाशांचे गट आज हा फेरा करतात. अलिबागचे 1848 चे सिनेगॉग, रेवदंड्याचे सिनेगॉग, खंडाळे गावातील तो खडक, ज्यावर एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत असे श्रद्धाळू मानतात, आणि शेवटी नवगावची दफनभूमी, असा त्याचा साधारण क्रम असतो. अशा फेऱ्यातही पोलंडच्या यात्रेचाच साचा नकळत उतरतो असे आमचे निरीक्षण आहे. आधी जहाज फुटले, मग विस्मृती आली, मग मुळाचा शोध लागला, मग इस्राएलात परतणे झाले. मधली शेकडो वर्षे, ज्यांत हा समाज कोकणात नांदला, शेजाऱ्यांबरोबर लग्नकार्यांत बसला, मराठीत भांडला आणि मराठीत रडला, ती वर्षे या कथानकात विश्रांतीच्या स्थानकासारखी येतात आणि जातात.

वास्तविक या समाजाचा खरा वारसा त्या मधल्या वर्षांतच आहे. हाईम सामुएल केहिमकर यांनी 1897 साली लिहून पुरा केलेला आणि 1937 साली तेल अवीव येथे छापला गेलेला बेने इस्राएलांचा इतिहास उघडावा. त्यात सणांची जुनी नावे सापडतात. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण! जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दिवसाचे सुतक, आणि त्याचे नाव बिरड्यावरून. दोन हजार वर्षांमागचे दुःख ज्यांनी वालाच्या बिरड्याबरोबर जपले, त्यांनी आपला धर्म विसरला असे म्हणावे, की आपल्या घरच्या भाषेत पक्का बसविला असे म्हणावे? आजही शुभकार्यात आणि नवस फेडताना पोहे, खोबरे, साखर व फळे घालून मलिदा करतात आणि एलियाहू हनाबीचे नाव घेतात. 1796 साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याची ती कृतज्ञता होती. त्या वास्तूला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि त्यात कोणास विचित्र वाटत नसे. 1880 च्या सुमारास याच समाजाने हरिदासी कीर्तनाची पद्धत उचलली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडी-ओव्यांत लावून गायिली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कीर्तनांना जेवढी जागा मिळावयास हवी होती तेवढी आम्ही मराठी लेखकांनी दिलेली नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

आता विचार करा. तेल अवीव किंवा अश्दोद येथे वाढलेली, मराठी आजीची पंधरा वर्षांची नात अशा यात्रेत येते. नवगावच्या दफनभूमीत तिला इंग्रजीत किंवा हिब्रूत माहिती सांगितली जाते. थडग्यावरील देवनागरी अक्षरे तिला लागत नाहीत, आणि तिच्याबरोबरच्या कोणास ती वाचून दाखवावी असे सुचत नाही. घाणा कसा चालत होता, शनिवारी गावाने त्या घरचे तेल न मागण्याचा समजूतदारपणा कसा पाळला, हे सांगू शकणारी वृद्ध माणसे किनाऱ्यावरच्या गावांत विरळ होत चालली आहेत. त्यांच्या ओटीवर गाडी थांबत नाही. मुलगी छायाचित्रे घेऊन जाते. आजीची भाषा मात्र आजीबरोबर संपते. या विषयात खरोखर काय पणाला लागले आहे ते हेच. 1948 च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज बहुतांशी इस्राएलात गेला. येथे आता काही हजार माणसे उरली आहेत. 2016 साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो इतक्या लहान उरलेल्या समाजाला. तिकडे गेलेल्यांनी ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक चालविले, पण त्यांची नातवंडे ते वाचू शकत नसतील तर अक्षरांचा दिवा किती काळ तेवेल?

आणखी एक प्रकरण या यात्रांत सहसा येत नाही. इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी 1960 नंतर शंका काढल्या. तुमच्या वंशाची चौकशी झाल्याखेरीज इतर यहुद्यांशी लग्न लावता येणार नाही, असे त्यांना सुनावले गेले. त्यावर या शांत समाजाने जेरुसलेम येथे धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये ते सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत हे मान्य करवून घेतले. आपल्या आजोबांनी उन्हात बसून स्वतःचा मान मिळविला, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही काय? ‘परत घरी आलो’ या सरळ कथानकात ती बसत नाही, एवढाच तिचा दोष.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या यात्रेतील उणिवा दाखविल्या. आता आपल्या अंगणात पाहू. बेने इस्राएलांची गोष्ट सांगताना आपण अभिमानाने म्हणतो की, भारतात यहुद्यांचा कधीच छळ झाला नाही. नवगावपुरते ते खरे आहे. जुन्या गोव्यास मात्र ते लागू पडत नाही. 1560 ते 1812 पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय होते, आणि त्याच्या आरंभीच्या काळात ज्यांच्यावर विशेष रोष होता त्यांत पोर्तुगालमधून जबरीने ख्रिस्ती केलेले यहुदी, ज्यांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत, ते प्रमुख होते. न्यायालय स्थापन होण्यापूर्वीच, 1543 साली, जेरोनिमो दियस या वैद्यास गोव्यात जाळण्यात आले. 1534 साली येथे आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. आपल्या औषधी, आपला आंबा, नारळ व विडा यांविषयी संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. तो 1568 साली वारला. पुढल्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडे उकरून तीही जाळली.

पणजीत चर्चपुढील बागेस याच ओर्ताचे नाव आहे. त्या बाकांवर बसणाऱ्या आपणांपैकी किती जणांस हे ठाऊक असते? एका सकाळी जुन्या गोव्यात से कॅथेड्रलपुढे शाळकरी मुलांची एक तुकडी आम्ही पाहिली. मार्गदर्शकाने मनोऱ्यातील सुवर्णघंटेचा आवाज किती दूर जातो हे सांगितले. ती घंटा इन्क्विझिशनच्या दंडसोहळ्यांच्या वेळी वाजत असे, असे जुने लोक सांगतात. तेवढे मात्र त्याने सांगितले नाही. जवळच त्या न्यायालयाचा वाडा होता. तो गेल्यापूर्वीच्या शतकात पाडला गेला आणि आज तेथे दाखविण्यासारखे काही उरलेले नाही. जे दिसत नाही ते सांगावयाचे नाही, हा आपल्या वारसा-दर्शनाचा नियमच होऊन बसला आहे. प्रियोळचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी 1961 साली या न्यायालयावर ग्रंथ लिहून आपले काम केले. तो ग्रंथ कपाटातून काढून मुलांच्या हाती देण्याचे काम आपले होते.

हा इतिहास पाहताना मांडवी ओलांडून डिचोलीकडेही गेले पाहिजे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी मोडले, तेव्हा देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेला गेला, कारण पोर्तुगीजांचा अंमल तेव्हा नदीपर्यंतच होता. 1668 साली शिवछत्रपतींनी ते देऊळ बांधून घेतले. डिचोली 1780 नंतर आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा येथील देवळांना व रूढींना हात लावावयाचा नाही असे त्यांना मान्य करावे लागले. म्हणून या दोन महालांत देवळे टिकली, जत्रा टिकल्या, दशावतारी काला टिकला. जुन्या काबिजादीतील अनेक घराण्यांची कुळदैवते आज नदीच्या या अंगास आहेत. मुंबईस वाढलेली त्यांची मुले आई-वडिलांबरोबर वर्षातून एकदा येतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि परततात.

ही आपली वारसायात्राच नव्हे काय? आणि तिच्यातही तोच दोष नाही काय? देव पळवून आणावा लागला एवढे मुलाला सांगितले जाते. मागे दिवाडीवर जे राहिले, जे ख्रिस्ती झाले, ते आपलेच सगेसोयरे होते, हे बहुधा सांगितले जात नाही. डिचोली तालुक्यातच शिरगावची लईराई आहे. तिला आणि म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला लोक बहिणी मानतात, आणि सणाला एकीकडून दुसरीकडे तेल व फुले जातात. दोन धर्मांत वाटल्या गेलेल्या घराने आपले नाते कसे राखले, याचा याहून सुंदर पाठ कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? पण कुळदैवताच्या घाईच्या दर्शनात शिरगाव-म्हापशाचे हे नाते मुलांच्या वाट्याला क्वचितच येते. तेव्हा यहुदी यात्रांच्या योजकांना शिकविण्याच्या उच्चासनावर आपण बसू नये. त्यांची चूक आपल्याला ओळखता येते, कारण ती आपल्या घरची आहे.

मग यहुदी किशोरांसाठी या किनाऱ्यावर एखादी यात्रा व्हावी तर ती कशी असावी? आमच्या मते तिने नवगाव आणि जुने गोवे ही दोन्ही ठिकाणे घेतली पाहिजेत. एका किनाऱ्यावर आसरा मिळाला आणि दुसऱ्यावर चिता पेटली, ही दोन्ही सत्ये एकाच भूमीची आहेत. पहिलेच दाखविले तर ती आपली स्तुती होईल, दुसरेच दाखविले तर पोलंडच्या कथानकाची पुनरावृत्ती होईल. मुलांनी आठ दिवसांत आठ स्थळे पाहण्यापेक्षा एका गावी चार दिवस राहावे. देवनागरी अक्षरे शिकून आपल्याच पणजोबांच्या थडग्यावरील नाव स्वतः वाचावे. अलिबागच्या एखाद्या घरी मलिदा करून खावा आणि शेजारच्या घरी बिरडे. मोशेचे एखादे कीर्तन मराठीतून ऐकावे. समजले नाही तरी चालेल. न समजण्याची हुरहूर हाही वारशाचाच भाग आहे. आणि त्यांच्याबरोबर येथील त्याच वयाची मुलेही असावीत. यजमानाच्या मुलाला जे ठाऊक नाही ते पाहुण्याच्या मुलाबरोबर शोधताना दोघेही सारखेच विद्यार्थी ठरतात. मार्गदर्शकाने आखलेले अश्रू तेथे येणार नाहीत. आले तर स्वतःचे येतील.

शेवटी पुन्हा हरमलकडे वळतो. तेथे उतरलेल्या त्या मुलांना आपण खोल्या भाड्याने देतो, दुचाक्या देतो, त्यांच्या चवीचे पदार्थ शिकून रांधतो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्यांना पेडण्यात उतरणेही सोपे झाले आहे. व्यवहार म्हणून यात वावगे काही नाही. पण एका रात्रीच्या प्रवासावर नवगाव आहे, तासाभराच्या वाटेवर जुने गोवे आहे, आणि मांद्र्याच्या खानावळवाल्याच्या तोंडी जी मराठी-कोकणी आहे तिच्याच सख्ख्या बहिणीत यहुद्यांनी शेकडो वर्षे आपले सण साजरे केले, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. कारण सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नसते. आधी ते आपण शिकून घेऊ. पुढच्या हंगामात कोणी मुलाने नुसते कुतूहल म्हणून विचारले, की या गावाचा आणि आमचा काही संबंध आहे का, तर त्यास बसावयास पाट देऊन उत्तर देता आले पाहिजे.